हातघडणीचा पाईप मनासारखा उतरला नाही, तर कारागिराला दुरुस्ती कशी सांगावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात तंबाखूचा पाईप हाताने करून घ्यायचा म्हटले की बहुधा खरादीच गाठावा लागतो. हा खरादी पलंगाचे पाय, पाळण्याच्या दांड्या, लाटणी आणि भोवरे कातण्यात तरबेज असतो. पाईप ओढणारा मात्र तो क्वचितच असतो. वस्तू दिसायला देखणी आणि ओढायला नकोशी होण्याचे मूळ पुष्कळदा एवढ्यातच असते. म्हणून पुढील उत्तरांचा रोख एकच आहे : तोंडाला जाणवलेली तक्रार कारागिराच्या हातांना समजेल अशा मापात कशी सांगावी.

उत्तरांत पाच शब्द वारंवार येतील. तंबाखू भरतो ती वाटी, वाटीला जोडलेली लाकडी दांडी, तोंडात धरायची नळी, नळीच्या टोकाची खुंटी आणि ती खुंटी दांडीत जिथे बसते ती खोबण.

पाईप खरोखर बिघडलेला आहे की मलाच तो नीट ओढता येत नाही, हे कसे ओळखावे?

हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये. तंबाखू ओला असेल, वाटीत ठासून भरला असेल किंवा घाईघाईने झुरके घेतले असतील, तर जगातील उत्तम पाईपही गुरगुरतो, तापतो आणि जीभ पोळतो. तोच तंबाखू कागदावर अर्धा तास पसरून थोडा सुकवावा, खाली सैल आणि वर किंचित दाबून भरावा आणि सावकाश ओढून पाहावा. असे चार-पाच वेळा, वेगवेगळ्या दिवशी करूनही तीच अडचण येत असेल, तर दोष पाईपात आहे असे धरून चालावे. घरात दुसरा पाईप असेल तर तोच तंबाखू त्यात ओढून पाहावा. याहून चांगला पंच मिळणार नाही. कोरा पाईप पहिल्या काही वेळा लाकडाची चव देतो, हा दोष नव्हे; वाटीच्या आत काजळीचा पातळ थर बसला की ती चव जाते.

एक गोष्ट येथेच सांगणे भाग आहे. पाईपचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. तोंडाच्या आणि जिभेच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. जिभेवरची किंवा गालातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर ती खरादीची नव्हे, डॉक्टरांची बाब आहे.

कोणती तक्रार न्याय्य आणि कोणती केवळ आवडीनिवडीची?

पाईप ओढता येत नसेल, धुराच्या वाटेत अडथळा असेल, नळी डुगडुगत असेल, लाकूड तडकले असेल किंवा लावलेला रंग उतरत असेल, तर तो घडणीतला दोष होय आणि तो विनामूल्य सुधारून मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. वाटीचा घाट थोडा बुटका वाटतो, रंग अपेक्षेपेक्षा गडद आला, लाकडाच्या रेषा आडव्या हव्या होत्या त्या उभ्या आल्या, या तक्रारी ठरावात लिहिल्या नसतील तर त्या आपल्या पसंतीच्या आहेत. त्यांसाठी विनंती करावी, हट्ट धरू नये. दोन्ही एकाच दमात सांगितल्या की कारागीर सोपी तेवढी पकडतो. रंग पुन्हा चढवून देतो आणि भोक होते तसेच राहते.

दुकानात जाण्यापूर्वी घरी कोणती तपासणी करावी?

सरळ पाईप असेल तर सायकलचा एक जुना आरा घ्यावा. त्याची जाडी साधारण २ मिलिमीटर असते आणि पाईपच्या धूरमार्गाचे भोक साधारण ३.५ ते ४ मिलिमीटर असावे लागते, त्यामुळे आरा कुठेही न अडता आत गेला पाहिजे. नळी काढून आरा दांडीच्या खोबणीतून आत सारावा आणि वाटीत तो कुठून बाहेर येतो ते वरून टॉर्च धरून पाहावे. त्याचे टोक वाटीच्या तळाशी, बरोबर मध्यभागी दिसायला हवे. ते तळापासून तीन-चार मिलिमीटर वर दिसत असेल, तर त्याखालचा तंबाखू कधीच नीट जळणार नाही आणि तेथे ओला, कडवट चोथा साचेल. ते भोक एका बाजूला सरकलेले असेल, तर वाटीची ती बाजू अधिक तापेल.

वाकड्या पाईपात आरा जात नाही. तेथे पाईप साफ करण्याची कापसाळ तार वापरावी. नळी न काढता तोंडाकडून घातलेली तार वाटीपर्यंत पोहोचावी, ही चांगल्या घडणीची जुनी कसोटी आहे. स्टेशनरीच्या दुकानात मुलांच्या हस्तकलेसाठी मिळणाऱ्या चकचकीत तारा या कामाच्या नाहीत. त्यांवरचे तंतू बहुधा प्लास्टिकचे असतात.

वाटीचा आतला व्यास साधारण १८ ते २० मिलिमीटर असावा आणि भिंतीची जाडी तंबाखू जळतो त्या भागात कुठेही ५-६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. नळीचे दातांत धरायचे टोक साधारण ४ मिलिमीटर जाड असले की तोंडाला भार वाटत नाही. आपले खरादी ते हुक्क्याच्या नळीसारखे गोल आणि जाड कातून ठेवतात. मग दहा मिनिटांत जबडा दुखू लागतो आणि आपण दोष तंबाखूला देतो.

पाईप ओढताना गुरगुर आवाज येतो आणि तोंडात कडू पाणी येते. याचे कारण काय?

तंबाखू सुकवूनही आवाज जात नसेल, तर पहिला संशय खुंटी आणि खोबण यांच्यामधल्या पोकळीवर घ्यावा. खुंटी खोबणीच्या तळाला जवळजवळ टेकली पाहिजे. ती आखूड असेल, तर मध्ये एक छोटी कोठडी तयार होते. अरुंद वाटेने आलेला गरम, दमट धूर तेथे एकदम पसरतो, थंड होतो आणि त्यातले पाणी तेथेच साचते. पुढचा प्रत्येक झुरका त्या पाण्यातून येतो.

माझ्या स्वतःच्या पाईपाची गोष्ट याच पोकळीची आहे. मांडवीच्या बाजूच्या एका गल्लीत तो करून घेतला होता. पहिल्यांदा परत नेला तेव्हा मी "भाई, बराबर नथी" एवढेच म्हणालो. कारागिराने तो चक्रावर धरून चकचकीत करून दिला. आठ दिवसांनी पुन्हा तेच सांगितले. त्याने पुन्हा चकाकी दिली आणि या वेळी पैसेही घेतले नाहीत, त्यामुळे रागावायचीही सोय राहिली नाही. तिसऱ्या खेपेस मी आगपेटीची एक काडी घेऊन बसलो. काडी खोबणीत तळापर्यंत घातली, दांडीच्या तोंडाशी नखाने खूण केली आणि तीच काडी खुंटीशेजारी धरली. खुंटी काडीवरच्या खुणेपेक्षा जवळजवळ ३ मिलिमीटर आखूड होती. त्याने काडी माझ्या हातातून घेतली, चष्मा कपाळावर सरकवून स्वतः पुन्हा मापली आणि एक शब्द न बोलता दांडी लेथला लावून तिचे टोक तेवढे उतरवून दिले. पंधरा मिनिटांचे काम होते. दोन महिने मी त्याला नीट सांगू शकलो नव्हतो.

दांडीचे टोक असे उतरवणे हा सोपा उपाय झाला. पाईप आखूड झालेला चालत नसेल, तर नवी, लांब खुंटी बसवून घ्यावी. मात्र केसभर फट राहू द्यावी, कारण तापल्यावर दोन्ही भाग किंचित फुगतात.

दोष दाखवण्यासाठी दुकानातच पाईप पेटवून दाखवावा का?

नाही. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास मनाई करणारे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर लागू आहेत आणि त्यांत कामाच्या जागाही येतात. कायदा बाजूला ठेवला, तरी पायाखाली भुसा आणि शेजारी स्पिरिटची बाटली असलेल्या जागेत काडी ओढणे शहाणपणाचे नाही. रिकामा पाईप ओढून हवा किती जड येते हे कारागिराला स्वतः अनुभवायला द्यावे. नळी स्वच्छ धुऊन, पुसून मगच त्याच्या हाती द्यावी; वापरलेला पाईप तसाच पुढे करणे हा त्याचा अपमान आहे.

लाखेचा सुंदर रंग दिला होता, तो चिकट होऊन उतरू लागला आहे. हा दोष कोणाचा?

हा दोष पद्धतीचा आहे आणि आपल्या भागात तो हमखास आढळतो. बडोद्याजवळचे संखेडा लाखेच्या कातकामासाठी प्रसिद्ध आहे. पूर्वी ते बडोदा जिल्ह्यातच होते. २०१३ साली छोटा उदेपूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा तिकडे गेले. सागाच्या लाकडावर चढवलेली ती केशरी-तपकिरी लाख झोपाळ्यावर आणि पाळण्यावर वर्षानुवर्षे टिकते, त्यामुळे तीच रीत पाईपावर वापरावी असे खरादीला वाटणे स्वाभाविक आहे. पण पाळण्यात निखारा ठेवत नाहीत. लाख साधारण ७० ते ८० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडते आणि वाटीच्या कडेला, जिथे आपण काडीची ज्योत धरतो, तिथे याहून कितीतरी अधिक उष्णता पोहोचते. शिवाय लाख स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणजे आत साफ करताना स्पिरिटचा थेंब ओघळला तरी रंगावर डाग पडतो.

कारागिराला स्पष्ट सांगावे की बाहेरची सर्व लाख उतरवून लाकूड उघडे करावे आणि त्यावर कार्नौबा मेणाचा पातळ हात द्यावा. हे मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळते, मधमाश्यांच्या मेणापेक्षा कठीण असते आणि ८० अंशांच्या वर वितळते. उत्तम पाईपांना तेच लावतात. रंग हवाच असेल तर तो लाकडात मुरणारा असावा, वर बसणारा नव्हे. आणि वाटीच्या आत लाख, व्हार्निश किंवा पॉलिश लागले असेल, तर त्या पाईपात तंबाखू भरूच नये. ते आधी पूर्ण खरवडून काढावे लागते.

वाटीच्या आत काहीच लावू नये का?

कोरे लाकूड सर्वांत चांगले. काही पाईप घडवणारे ताकात किंवा आंबट सायीत कोळशाची बारीक पूड कालवून त्याचा पातळ थर देतात. तो वाळला की चव देत नाही आणि पहिल्या काही वेळा लाकडाचे रक्षण करतो. ताकाचा हा उपयोग ऐकून आमच्या खरादीला झालेला आनंद वेगळाच होता.

कारागिराशी बोलताना सुरुवात कशी करावी?

दुपारी एक ते चार टाळावे आणि उत्तरायण किंवा नवरात्र तोंडावर असताना तर जाऊच नये. आधी जे चांगले उतरले आहे ते सांगावे, पण ते खरे असले पाहिजे. उगाच केलेली स्तुती जुना कारागीर लगेच ओळखतो. नंतर एकच मुख्य दोष काढावा आणि तो हातात धरून दाखवावा. "धूर बरोबर येत नाही" याऐवजी "हे भोक तळापासून चार मिलिमीटर वर आहे, ते तळाशी हवे" असे म्हणावे. "तुम्ही चुकलात" याऐवजी "मी आधी माप दिले नव्हते, ते आज आणले आहे" असे म्हटल्याने आपले काही कमी होत नाही, आणि पुष्कळदा ते खरेही असते. चौकटीच्या कागदावर पाईपाचा उभा छेद काढून न्यावा. ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन हे तंत्रशिक्षणाचे विद्यालय काढले, तेथील कारागिराला रेखाटन समजणार नाही असे मानण्याचे काही कारण नाही.

उत्तर बहुधा "थई जशे", म्हणजे "होऊन जाईल", असे मिळेल. हे नकार नव्हे आणि वचनही नव्हे. तेथेच, हसतमुखाने, "कोणत्या वारी येऊ?" असे विचारावे आणि त्या वारी खरोखर जावे. गिऱ्हाईक ठरल्या दिवशी येते हे एकदा कळले की पाईप फळीवरून खाली उतरतो.

तोंडी सांगणे पुरेसे आहे की लेखी द्यावे?

दोन्ही करावे. बोलून झाल्यावर त्याच दिवशी फोनवर एक संदेश पाठवावा. भाषा आपण गुजराती वापराल. आशय साधारण असा असावा :

"भाई, नमस्कार. आज तुमच्याकडे माझा पाईप ठेवला आहे. वाटीचा घाट आणि हातात बसणे उत्तम झाले आहे. तीन गोष्टी सुधारून हव्या आहेत. एक, वाटीत उघडणारे भोक तळाशी आणावे. दोन, नळीचे टोक ४ मिलिमीटरपर्यंत पातळ करावे. तीन, बाहेरची लाख काढून फक्त मेण द्यावे. यांपैकी एखादी गोष्ट होणार नसेल तर काम सुरू करण्याआधी मला सांगावे, म्हणजे आपण दुसरा मार्ग पाहू. आपण सांगितल्याप्रमाणे मी गुरुवारी संध्याकाळी येतो."

सोबत दोन छायाचित्रे जोडावीत. या संदेशातले सर्वांत उपयोगी वाक्य "काम सुरू करण्याआधी मला सांगावे" हे आहे, कारण कारागीर नाही म्हणण्याच्या संकोचापायी काम हाती घेतो आणि मग लाकूड फुकट जाते.

दुरुस्तीचे पैसे द्यावेत का?

घडणीतला दोष असेल तर देऊ नयेत. आपणच माप दिले नसेल किंवा मत बदलले असेल, तर आपणहून द्यावेत. नव्या नळीसाठी एबोनाइट (कडक केलेले रबर) किंवा ॲक्रिलिकची कांडी बाहेरून मागवावी लागली, तर तिचा खर्च आपण आणि मजुरी त्याची, हा मधला तोडगा मला तरी रास्त वाटतो.

कोणते दोष दुरुस्त होतच नाहीत?

भोक मोठे करता येते, लहान करता येत नाही. लाकूड उतरवता येते, चढवता येत नाही. या एका नियमावरून बरेचसे उत्तर मिळते. धूरमार्ग ३ मिलिमीटरचा असेल तर ४ करून मिळेल. भोक तळापासून वर असेल तर चिरूटाची राख पाण्यात कालवून तळ भरून घेता येतो. वाळल्यावर तो दगडासारखा बसतो. पण भिंत एका बाजूने ३ मिलिमीटर उरली असेल, तर ती बाजू आज ना उद्या जळून आरपार जाईल. वाटीच्या आतून सुरू होऊन बाहेर दिसणारी भेग भुसा आणि डिंक भरून लपवता येते, बुजवता येत नाही, आणि तापलेला डिंक श्वासाबरोबर घेणे हे मूळ दोषापेक्षा वाईट आहे. अशा वेळी दुरुस्ती मागू नये. नवी वाटी कातून मागावी आणि जुनी नळी तिला बसवून घ्यावी.

लाकडावर बारीक खड्डे आहेत आणि त्यांत लांबी (पुट्टी) भरलेली दिसते. ही फसवणूक आहे का?

ब्रायर असेल तर सहसा नाही. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी असलेली गाठ. ती जमिनीत खड्यांना वेढून वाढते, त्यामुळे आतून निर्दोष तुकडा विरळाच निघतो. बाहेरचे लहान खड्डे केवळ दिसण्याचे असतात. वाटीच्या आत खोल खड्डा असेल तर मात्र तक्रार करावी.

माझा पाईप शिसमाचा आहे. लाकूडच चुकले असेल तर?

ब्रायर पाईपासाठी वापरतात ते त्याच्या दाटपणामुळे आणि उष्णता सोसण्याच्या गुणामुळे. गाठी तासन्‌तास उकळून, मग अनेक महिने सुकवून ते तयार केले जाते. शिसम आणि साग हे फर्निचरचे राजे आहेत, पण दोन्ही तेलकट लाकडे आहेत, आगीशेजारी राहण्यासाठी ती निवडत नाहीत आणि त्यांचा भुसाही कातडीला त्रास देतो. आपणच शिसम पसंत केले असेल, तर त्याबद्दल कारागिराला बोल लावता येणार नाही. ब्रायर सांगून शिसम वापरले असेल, तर ती सरळ दिशाभूल होय. तेथे दुरुस्ती नको, पैसे परत मागावेत.

नळी ढिली झाली आहे. लगेच परत न्यावा का?

एक ऋतू थांबावे. आपल्याकडे ऑगस्टच्या दमट हवेत लाकूड फुगते आणि मे महिन्याच्या कोरड्या उन्हात आकसते, त्यामुळे पावसाळ्यात घट्ट असलेली नळी उन्हाळ्यात डुगडुगते. घट्ट होत असेल तर खुंटीला पेन्सिलीचे शिसे घासावे. ढिली होत असेल तर खुंटीवर मेणाचा पुसट थर द्यावा. पाईप गरम असताना नळी काढण्याची सवय असेल, तर मात्र दोष आपला आहे. तशाने खोबण सैल होते आणि कधीतरी खुंटी आतच मोडते. काळी एबोनाइटची नळी हिरवट-तपकिरी पडली, तर तीही कारागिराची चूक नव्हे. उन्हात ठेवल्याने तसे होते.

त्याने ऐकलेच नाही, तर दुसऱ्या कारागिराकडे न्यावा का?

न्यावा, पण पहिल्याला सांगून. लेथ चालवणाऱ्यांचे जग लहान असते आणि दुसऱ्याच्या हाती पहिल्याची वस्तू गेली की बातमी तुमच्या आधी पोहोचते. रक्कम मोठी असेल आणि दोष दाखवूनही दुरुस्ती, बदल किंवा परतावा यांपैकी काहीच मिळत नसेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि प्राथमिक चौकशीसाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. पावती आणि वर दिलेला संदेश तेथे कामी येईल. दोन-तीन हजारांच्या पाईपासाठी मी स्वतः ही वाट धरणार नाही.

दुरुस्त होऊन आलेला पाईप दुकानातच कसा तपासावा?

आरा किंवा तार पुन्हा आत घालून पाहावी, काडीने खोबण मापावी, नळी दोनदा काढून बसवावी आणि ती दांडीशी सरळ रेषेत येते का ते डोळ्यासमोर धरून पाहावे. वाटीत बोट फिरवून आत मेण किंवा पॉलिश लागले नाही याची खात्री करावी. रिकामा पाईप ओढावा. दुधाची जाड साय नळीतून ओढल्यासारखा जोर लागत असेल, तर तो तेथेच पुन्हा कारागिराच्या हाती द्यावा, आणि शेजारच्या बाकावर बसून चहा सांगावा.